चिमणी येईपर्यंत

“मग हसवायचंच नाही म्हणता तिला?”

उस्ताद मुजावर चटईवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“हसवायला ती काय रडायलीय?”

रडत नव्हती, हे खरं. साडेतीन वर्षांची यशोधरा स्टुडिओच्या मधोमध उभी होती. अभिनंदन चौगुलेनं कॅमेरा उचलला की ती मान तिरकी करायची, दोन बोटं गालाशी धरायची आणि होते तेवढे दात दाखवायची. कॅमेरा खाली आला की दात आत, वर गेला की पुन्हा बाहेर. नळाची तोटी फिरवावी तसं चाललं होतं.

वीस मिनिटांत त्रेचाळीस फोटो झाले होते. त्रेचाळीस वेळा तेच दात.

ही हकीकत मला अभिनंदननंच सांगितली, आणि सांगताना स्वतःची बाजू घेतली नाही. त्याला ओळखणाऱ्यांना कळेल की हीच मोठी बातमी आहे.

मिरजेत दर्ग्यामागच्या बोळात मुजावरांचा स्टुडिओ आहे. आधी लहानसं अंगण, मग उंबरा, आत चटई आणि छताला काचा. भिंतीवर गावातली चाळीस वर्षांतली पोरं. कुणी कोनाड्यात डोकं खुपसलंय, कुणी स्वतःच्या पायाचा अंगठा न्याहाळतंय, एकजण तर चक्क झोपलाय. सांगितलं म्हणून हसणारं त्यात एकही नाही.

अभिनंदन इथंच चार वर्षं शिकला आणि पुण्याला गेला. तिथं तो तान्ह्या बाळांचे फोटो काढतो. वेताच्या टोपलीत झोपलेलं बाळ, कोरलेल्या कलिंगडात झोपलेलं बाळ, पाठीला पिसांचे पंख लावून झोपलेलं बाळ. नाव झालं. यंदा एक मोठं बक्षीसही मिळालं, आणि ते पितळी बक्षीस घेऊन तो मुद्दाम गुरूंना दाखवायला आला होता.

उस्तादांनी ते हातात फिरवून पाहिलं. चांगलं जड आहे म्हणाले. मग टेबलावर उभं करून त्यावर आपली टोपी अडकवली.

ते त्याला लागलं. लागायचंच. म्हणून थोड्या वेळानं सुकेशिनी कांबळे लेकीला घेऊन दारात आली, तेव्हा तोच पुढं झाला. उस्तादांचे हात आता थरथरतात, दोन वर्षांत त्यांनी कॅमेरा धरलेला नाही. अभिनंदन म्हणाला, मी काढतो, दहा मिनिटांचं काम आहे.

सुकेशिनी नर्स. सव्वापाचच्या गाडीनं ती मुंबईला जाणार होती, तिथून पहाटेच्या विमानानं मस्कतला. दोन वर्षांचा करार, मध्ये सुट्टी नाही. नवरा वारल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. लेकीला सांभाळायला बोळात समोरच राहणारी बहीण होती. सामान भरून रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी होती.

मोबाईलमध्ये लेकीचे साडेसहाशे फोटो आहेत, तिनं सांगितलं. सगळ्यांत तीच तिरकी मान आणि तीच दोन बोटं. समोर काही धरलं की यशू असंच करते, आणि हे तिला शिकवलंय आपणच, कौतुकानं.

“एक पाहिजे, चाचा,” ती उस्तादांना म्हणाली. “ज्यात ती असंल असा एक. दोन वर्षांनी मी येईन तवा ही यशू कुठं राहिलेली असणाराय?”

मग आवाज खाली आणून तिनं आणखी एक सांगितलं. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. आई संध्याकाळी येते, येताना खाऊ आणते, एवढंच तिला सांगून ठेवलं होतं. फोटो झाला की मावशी तिला मांजरीची पिल्लं दाखवायला नेणार होती, आणि तेवढ्यात ही निघणार होती. सगळे असंच करतात. पोराला रडवून कोण घराबाहेर पडतं?

उस्तादांनी ऐकून घेतलं. बरं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत.

तिनं प्रवासासाठी घेतलेले नवे तपकिरी सँडल दाराशी काढले, उस्तादांच्या जुन्या कोल्हापुरी चपलांशेजारी, आणि आत आली. तेव्हा पावणेचार वाजले होते.

आता चार वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि अभिनंदनच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्यानं खुळखुळा वाजवून पाहिला. माकडासारखं तोंड केलं. चॉकलेट दाखवलं. यशूनं चॉकलेट घेतलं, खाल्लं, आणि चॉकलेटी दात दाखवले.

“उस्ताद, वेळ नाहीये.”

“कुणाला?”

त्यानं सुकेशिनीकडं बोट केलं.

“कॅमेरा खाली ठेव,” उस्ताद म्हणाले. “आणि बस.”

“आणि?”

“आणि काय? बस की.”

“किती वेळ?”

“ते तिच्याकडं हाय. माझ्याकडं कुठाय?”

ज्याला गाडी पकडायची नाही त्याचं तत्त्वज्ञान स्वस्त असतं, असं अभिनंदनच्या मनात आलं. मी तिथं असतो तर माझ्याही मनात आलं असतं. पण बसला. चार वर्षांची सवय होती, सांगितलं की बसायची.

एक मिनिट गेलं. दोन गेली...

यशूनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं. कॅमेरा चटईवर निजून होता. तिची बोटं गालावरून खाली आली. कोपऱ्यात फिल्मच्या जुन्या रिकाम्या डब्या पडल्या होत्या, ती तिकडं गेली. एक डबी उघडली, आत फुंकर मारली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. जीभ ओठांच्या कडेला आली होती. सुकेशिनी भिंतीला टेकून बघत होती आणि श्वाससुद्धा जपून घेत होती.

घड्याळात सव्वाचार.

अभिनंदनला राहवलं नाही. त्यानं कॅमेरा उचलला.

डबी खाली पडली. मान तिरकी, बोटं वर, दात बाहेर.

उस्तादांनी अडकित्ता बाजूला ठेवला. दहा वर्षं पुण्यात कमावलेलं सगळं एका पोरीपुढं फुकट चाललं होतं, आणि समोर टोपी घालून त्याचं बक्षीस उभं होतं.

तेव्हा त्याला तो डाव आठवला, जो या धंद्यात बापापासून पोराकडं चालत आलाय. प्रत्येक फोटोवाल्यानं कधी ना कधी खेळलाय.

“यशू, ह्या भोकात बघ. ह्यातनं आता चिमणी उडणार.”

बोटं खाली आली. दात मिटले. ती दोन पावलं पुढं आली.

“खरी?”

“अगदी खरी.”

मान सरळ झाली. डोळे उघडेच्या उघडे राहिले, आणि सगळा चेहरा त्या काळ्या भोकाकडं असा लागला की अभिनंदनचं बोट आपोआप दाबलं गेलं.

त्यानं कॅमेऱ्यामागचा फोटो सुकेशिनीला दाखवला. तिनं तोंडावर हात धरला. “हीच,” ती म्हणाली. “हीच माझी यशू.”

अभिनंदननं उस्तादांकडं पाहिलं. बघा म्हणावं तसं पाहिलं.

यशू अजून भोकाकडंच बघत होती.

“चिमणी कुठाय?”

“उडाली की. तुला दिसली नाही?”

तिनं वर छताकडं पाहिलं. काचा बंद होत्या. ती टेबलाखाली वाकली, पडद्यामागं जाऊन आली, कोपरे पाहिले. मग परत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“न्हाई उडाली,” ती म्हणाली. रडून नाही, रुसूनही नाही. असलेली गोष्ट सांगावी तशी सांगितली. आणि डबी उचलून त्याच्याकडं पाठ करून बसली.

“पुस तो,” उस्ताद म्हणाले.

“काय?”

“फोटो. पुसून टाक.”

“उस्ताद, त्यांना आवडलाय. त्यांना हाच पाहिजे होता.”

“तिला चिमणी दे, मग ठेव.”

सुकेशिनी मध्ये पडली. चाचा, असू दे, म्हणाली. साडेचार व्हायला आले, आणि त्यात काय एवढं, लहान पोरांना सगळेच असं सांगतात. उस्ताद म्हणाले, खरं आहे, मीसुद्धा तरुणपणी शंभर पोरांना चिमणी दाखवली. फोटो झकास आले. त्यातला एकही या भिंतीवर नाही.

अभिनंदन चिडला होता. पण चटईवरची ती एवढीशी पाठ त्याला बघवेना. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी एक वाक्य बोलून मोकळं व्हावं, असा हिशेब करून तो गुडघ्यांवर बसला.

“यशू... चिमणी नव्हती. मी खोटं बोललो.”

ती वळली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

“का?”

“फोटोसाठी,” तो म्हणाला.

तिनं ते ऐकून घेतलं. हातातल्या डबीचं झाकण लावलं. मग मान वळवून आईकडं पाहिलं.

“आई, तू सांजच्याला येणार ना?”

...

बोळाच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.

सुकेशिनीच्या ओठांवर ‘हो’ तयार होतं. आठ दिवस ती तेच म्हणत आली होती. आणखी एकदा म्हटलं की सुटली असती. मावशी दारात येऊन उभी होती, तीही ‘हो म्हण’ अशी मान हलवत होती.

यशू बघत होती. तास झाला ज्या चेहऱ्याच्या मागं अभिनंदन लागला होता, तोच चेहरा, हातभर अंतरावर. त्याचा कॅमेरा सवयीनं वर निघाला.

उस्ताद उठले. बक्षिसावरची टोपी काढली आणि भिंगावर घातली.

“चाचा...” सुकेशिनी म्हणाली. तिला कुणीतरी सोडवायला हवं होतं. उस्ताद जमिनीकडं बघत राहिले.

ती इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाली बसली, लेकीच्या समोर.

“नाही,” ती म्हणाली. “सांजच्याला नाही.”

“उद्या?”

“उद्या पण नाही.”

यशूनं हाताची बोटं पसरली. “एवढे दिवस?”

“त्याहून लई. तू पहिलीत जाशील ना, दप्तर घेऊन... तवा.”

पहिली म्हणजे किती लांब, ते साडेतीन वर्षांच्या पोरीला कुठलं कळायला? पण आईच्या आवाजाचं कळलं. ती रडायला लागली, आणि रडता रडता दोन्ही मुठींनी आईला मारायला लागली. खांद्यावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. सुकेशिनीनं हात धरला नाही. मार खात बसून राहिली.

मला विचाराल तर हे ऐकताना मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. बाईला जायचं तर होतंच. सुखानं जाऊ द्यायचं होतं. ऐन वेळेला ही कसली परीक्षा? अभिनंदन म्हणाला, मलाही तेच वाटत होतं. फक्त एवढंच, की आजवर मी तीनेकशे पोरांचे फोटो काढले असतील, पण मध्ये काच न धरता एखाद्या पोराकडं इतका वेळ पहिल्यांदाच बघितलं.

पावणेपाच.

रडणं थांबलं. पोरांचं थांबतं तसं, मध्येच. यशू उठली, नाक ओढत दाराशी गेली. तिथं आईचे सँडल होते. तिनं दोन्ही सँडल एकमेकांना चिकटवून नीट मांडले आणि त्यांच्यावर फतकल मारून बसली. हातांनी त्यांचे पट्टे धरले.

“आता जा,” ती आईला म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, तरी.

अभिनंदननं भिंगावरची टोपी काढली. आधी उस्तादांकडं पाहिलं. ते पुन्हा चटईवर जाऊन बसले होते आणि सुपारी शोधत होते. त्यांच्याकडून काही मिळणार नव्हतं. मग तो उंबऱ्यापासून दोन हातांवर पालथा पडला, पोटावर, हनुवटी फरशीला, आणि ज्याला विचारायचं त्याला विचारलं.

“यशू, काढू?”

तिनं विचार केला.

“थांब.”

तो थांबला. बाहेर पुन्हा भोंगा वाजला. सुकेशिनी चौकट धरून उभी होती, तिची नजर घड्याळाकडं जायची आणि परत यायची. गाडी चुकली तर विमान चुकणार, विमान चुकलं तर नोकरी. हे सगळं अभिनंदनला ठाऊक होतं, आणि तरी तो थांबला. त्याचे कोपर फरशीवर दुखायला लागले.

यशूनं बाहीनं नाक पुसलं. सँडलचा एक पट्टा सुटला होता, तो परत धरला.

“चिमणी न्हाई ना?”

“नाही.”

“मग काढ.”

ती त्याच्याकडं बघत नव्हती. मान वर करून आईकडं बघत होती. डोळे सुजलेले, नाक वाहतं, केस गालाला चिकटलेले. दोन्ही हात पट्ट्यांवर.

एकच काढला.

पाचला आठ मिनिटं कमी होती. सुकेशिनी सँडल घ्यायला वाकली. यशूनं अंग जड केलं. आईनं हळूच ओढून पाहिलं, मग हात मागं घेतला. त्या पोरीला तिथून उचलणं तिथल्या कुणाच्याच हातून होणार नव्हतं. मावशी पुढं झाली आणि तीही थांबली.

उस्ताद आले. दाराशी वाकले, स्वतःच्या कोल्हापुरी चपला उचलल्या आणि सुकेशिनीच्या पायांपुढं ठेवल्या. टाचेला झिजलेल्या, एकीचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला.

ती दचकून मागं सरकली. चाचा, तुमच्या हातानं कशाला, म्हणाली.

“बूट असतील पेटीत,” उस्ताद म्हणाले. “गाडीत बसून घाल.”

तिनं चपला पायांत घातल्या. दोन बोटं मोठ्या झाल्या. खाली बसून तिनं लेकीचं डोकं छातीशी धरलं, केसांचा वास घेतला. यशूनं तेवढं करू दिलं, पट्टे मात्र सोडले नाहीत.

अंगणाच्या दाराशी जाऊन सुकेशिनी वळली.

“दादा, तो मघाचा पाठवू नका,” ती अभिनंदनला म्हणाली. “हा पाठवा.”

आणि गेली. चपलांचा फटफट आवाज बोळाच्या तोंडापर्यंत येत राहिला. यशू कान देऊन ऐकत होती. हाक तिनं मारली नाही.

गाडी कराडला पोचायच्या आत फोटो तिच्या मोबाईलवर गेला. बाकीचे त्रेचाळीस अभिनंदननं पुसले. मग चिमणीचा काढला, थोडा वेळ पाहिला, तोही पुसला.

मावशीनं यशूला खूप बोलावलं. मांजरीची पिल्लं आहेत म्हणाली, गरम भात आहे म्हणाली. यशू हलली नाही. शेवटी मावशी तिचं ताट आणायला घरी गेली.

अभिनंदननं बॅग भरली. बक्षीस कपड्यांच्या तळाशी घातलं. निघताना पाया पडायला वाकला, तर उस्ताद तिथून उठून स्वयंपाकघरात निघून गेले. आले ते मूठभर तांदूळ घेऊन. अनवाणीच अंगणात गेले, तांदूळ पसरले, आणि येऊन चटईवर बसले.

“हे काय?”

“चिमणीचं.”

“उस्ताद, दिवस मावळायला आला. आता कुठली चिमणी?”

“मग सकाळी.”

अभिनंदननं त्यांना नीट समजावून सांगितलं. या बोळात हल्ली चिमण्या दिसत नाहीत. सकाळी येईल, दुपारी येईल, चार दिवस येणारही नाही. आणि उद्या अकराला पुण्यात काम ठरलंय. सहा दिवसांचं बाळ आहे, टोपली सजवून ठेवलीय, माणसं वाट बघणार. आता सातच्या बसनं निघालंच पाहिजे.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराकडं बोट केलं.

यशू अजून सँडलवरच बसली होती. अंगणातल्या तांदळांकडं बघत होती.

“मला कशाला सांगतोस?” ते म्हणाले. “तिला सांग.”